पूरक आहार, अर्भकांचा (जुन्नर व आंबेगाव परिसर)

आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुलास सहा महिने पूर्ण झाल्यावर त्या दुधाच्या जोडीने जे मऊ, अर्धघन व पुढे घन अन्न दिले जाते, त्यास पूरक आहार म्हणतात. घरगुती भाषेत यालाच ‘वरचे खाणे’ असे नाव आहे. ‘पूरक’ हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. हे अन्न दुधाची जागा घेत नाही, तर दुधात जे कमी पडू लागते ते भरून काढते. स्तनपान दोन वर्षांपर्यंत व इच्छा असल्यास त्यापुढेही चालू ठेवावे, असा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील ‘दूध तोडणे’ या शब्दप्रयोगाने होणारा समज, म्हणजे अन्न सुरू झाले की दूध बंद, हा चुकीचा ठरतो.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे जुन्नर व आंबेगाव हे तालुके या विषयाच्या अभ्यासास विशेष सोयीचे आहेत. पश्चिमेस नाणेघाट, घाटघर, आहुपे, भीमाशंकर या बाजूस सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचंड पाऊस पडतो. तेथे महादेव कोळी व ठाकर या जमातींची वस्ती असून भात, नाचणी, वरई, सावा व खुरासणी ही पिके होतात. पूर्वेस पर्जन्यछायेच्या प्रदेशात कुकडी, मीना व घोड या नद्यांवरील माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे इ. धरणांच्या पाण्यावर ऊस, कांदा, द्राक्षे व तऱ्हेतऱ्हेचा भाजीपाला पिकतो. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार व सातगाव पठारावरील बटाटा हे दोन्ही प्रसिद्ध आहेत. (ज्यावरून तालुक्यास नाव मिळाले ते आंबेगाव हे मूळ गाव डिंभे जलाशयाखाली गेले असून तालुक्याचे ठाणे घोडेगाव येथे आहे.) एका दिवसाच्या वाटचालीत दोन निरनिराळ्या आहारपद्धती येथे पाहावयास मिळतात. मात्र अर्भकाच्या वाटीत दोहोंकडे प्रारंभी बहुधा एकच पदार्थ दिसतो, तो म्हणजे तांदळाची पातळ पेज किंवा वरणाचे वरचे पाणी. अन्न दाराशी पिकते, परंतु ते मुलाच्या वाटीपर्यंत पोहोचत नाही, हा या विषयातील खरा प्रश्न आहे आणि तो केवळ दारिद्र्याचा नाही.

गरज : निरोगी अर्भकाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट व वर्षअखेर तिप्पट होते. पहिले सहा महिने ही वाढ केवळ आईच्या दुधावर होऊ शकते व त्या काळात पाणी देण्याचीही गरज नसते. त्यानंतर दोन उणिवा निर्माण होतात. पहिली ऊर्जेची. सरासरी प्रमाणात दूध मिळणाऱ्या मुलास सहा ते आठ महिन्यांच्या वयात अन्नातून दररोज सुमारे २०० किलोकॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांच्या वयात ३०० व दुसऱ्या वर्षी ५५० किलोकॅलरी मिळाव्या लागतात. दुसरी उणीव लोहाची असून ती अधिक तीव्र असते. आईच्या दुधात लोह अत्यल्प असते. ते शरीरात चांगले शोषले जाते हे खरे, परंतु मूल मुख्यतः जन्मापूर्वी यकृतात साठविलेल्या लोहावर दिवस काढते व पूर्ण दिवसांच्या मुलाचाही हा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. आई पांडुरोगी असेल किंवा मूल कमी वजनाचे असेल, तर तो त्याआधीच संपतो.

सहा ते अठरा महिन्यांच्या या अवधीत वाढ मागे पडली, तर उंचीतील तूट पुढे पूर्णपणे भरून निघणे कठीण असते. शरीराची वाढ अशी खुंटण्यास खुजेपणा म्हणतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५·२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच पाहणीत देशातील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी दुधाच्या जोडीने अन्न सुरू झालेली मुले ४६ टक्क्यांच्या आसपास होती, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेशा वेळा व पुरेसे विविध अन्न मिळणारी मुले केवळ सु. ११ टक्के होती.

परंपरा व बदलते संकेत : अन्नप्राशन हा गृह्यसूत्रांनी सांगितलेला संस्कार असून महाराष्ट्रात त्यास ‘उष्टावण’ म्हणतात. आश्वलायन गृह्यसूत्रात तो सहाव्या महिन्यात करावा असे म्हटले आहे. तेथे तुपासह भाताबरोबरच बोकडाच्या व तित्तिर पक्ष्याच्या मांसाचाही पर्याय दिलेला आहे, हे आज अनेकांस आश्चर्याचे वाटेल. सुश्रुताने सहाव्या महिन्यात लघू व हितकर अन्न द्यावे असे सांगितले, तर काश्यपसंहितेने सहाव्या महिन्यात फळे व दहाव्या महिन्यात अन्न असा क्रम लावला. मुलाच्या व मुलीच्या उष्टावणासाठी सम-विषम महिने पाहण्याची चाल अद्याप बऱ्याच घरांत आहे. मुहूर्तासाठी काही दिवस पुढे-मागे झाल्याने बिघडत नाही. बिघडते ते असे की, उष्टावणाच्या दिवशी चांदीच्या वाटीतून खीर चाटविली जाते आणि नंतर आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत नियमित अन्न सुरूच होत नाही. समारंभ होतो, आहार राहून जातो.

आधुनिक वैद्यकाचे मतही स्थिर राहिलेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत काही आठवड्यांच्या मुलासही धान्याची लापशी देत. पुढे चार ते सहा महिने हा काळ मान्य झाला आणि २००१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस केली. भारतात अर्भकान्ने व दुधाचे पर्याय यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने निर्बंध आले व २००३ च्या दुरुस्तीने ते दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या सर्व अन्नांस लागू झाले. शिशुआहारविषयक राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००४ व २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मूल आधाराने बसते, मान सावरते, पुढ्यातील अन्नाकडे हात नेते आणि घास जिभेने बाहेर ढकलण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, ही तयारीची लक्षणे बहुतेक मुलांत सहाव्या महिन्याच्या सुमारासच दिसतात.

पेज, खिमट व नाचणी : पातळ पेज पचावयास हलकी असते, ही समजूत सार्वत्रिक आहे. ती खोटी नाही, परंतु पेज हलकी असते याचे मुख्य कारण तीत अन्नच थोडे असते. १०० मिलि. पातळ पेजेत ५ ग्रॅ. तांदूळ धरला, तर तीतून सतरा-अठरा किलोकॅलरी मिळतात. २०० किलोकॅलरींसाठी मुलास दिवसाकाठी लिटरभराहून अधिक पेज प्यावी लागेल. सात-आठ किग्रॅ. वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी साधारण २०० ते २४० मिलि. एवढेच मावते, आणि पेजेने जठर भरले की मूल दूधही कमी पिते. वरणाच्या वरच्या पाण्याचीही हीच गोष्ट आहे. डाळ तळाशी राहते व ती घरातील मोठी माणसे खातात.

यावर उपाय नवा नाही. दोन भाग तांदूळ व एक भाग मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून केलेल्या पिठाचे ‘खिमट’ महाराष्ट्रातील जुन्या बायका करीत आल्या आहेत. असे २५ ग्रॅ. पीठ शिजवून सु. १५० ग्रॅ. खिमट झाले व त्यात लहान चमचाभर तूप किंवा तेल घातले, तर एका वाटीत १३० किलोकॅलरींच्या आसपास मिळतात. म्हणजे त्याच आकारमानाच्या पेजेच्या जवळजवळ पाचपट. खिमट इतपत घट्ट असावे की चमचा किंचित कलता केला असता ते ओघळून पडू नये. पुढे गुरगुट्या भात, आटवल, दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी असा क्रम लावता येतो. सहा ते आठ महिन्यांच्या वयात दिवसातून दोन-तीन वेळा व नंतर तीन-चार वेळा अन्न द्यावे. प्रारंभी दोन-तीन चमचे पुरेत. नवव्या महिन्यापासून वाटलेल्या अन्नाऐवजी कुस्करलेले व बोटांनी उचलता येणारे मऊ तुकडे द्यावेत. फार काळ केवळ वाटलेलेच दिल्यास मूल चावणे उशिरा शिकते व पुढे गाठी आल्या की घास नाकारते.

पश्चिम पट्ट्यातील नाचणी हे या दृष्टीने मोलाचे धान्य आहे. १०० ग्रॅ. नाचणीत सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते. तांदळात ते नगण्य असते. मात्र नाचणीचे ‘सत्त्व’ काढण्याची प्रचलित रीत तपासून पाहण्याजोगी आहे. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून तळाशी बसलेला पांढरा साका वाळविला म्हणजे बव्हंशी पिष्ट (स्टार्च) उरते. कॅल्शियम, लोह व प्रथिने यांचा बराच भाग चोथ्याबरोबर जनावरांच्या पाटीत जातो. नाव सत्त्वाचे असले, तरी सत्त्व टाकून दिलेले असते. त्याऐवजी नाचणीस मोड आणून, वाळवून, मंद भाजून बारीक दळलेले व केवळ चाळलेले पीठ अधिक गुणकारी ठरते. मोड येताना धान्यात अमायलेज हे पिष्ट फोडणारे एंझाइम निर्माण होते आणि लोहास अडवून धरणारे फायटिक अम्ल घटते. १९८० नंतरच्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांचे सहकारी यांनी या एंझाइमाचा उपयोग दाखवून दिला. घट्ट शिजविलेली लापशी कोमट असताना तीत मोडाच्या धान्याचे चिमूटभर पीठ मिसळले, तर ती काही मिनिटांत सैल होते. अन्न तेवढेच राहते, पण मुलास गिळता येते. पीठ फार भाजल्यास मात्र हा गुण नष्ट होतो. लापशी सैल झाल्यावर पुन्हा एक उकळी देणे इष्ट असते. या भागात शेंगोळ्यांसाठी घराघरांत असणारा हुलगाही मोड आणून, शिजवून, साल काढून आठव्या-नवव्या महिन्यापासून देता येतो.

भाज्यांची ओळख : चवीचे शिक्षण जन्मापूर्वीच सुरू होते. आईने खाल्लेल्या अन्नाचे गंध गर्भजलात व पुढे दुधात उतरतात. २००१ मध्ये फिलाडेल्फिया येथे जूली मेनेला व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस घेतलेल्या मातांच्या मुलांनी गाजराच्या चवीची लापशी इतर मुलांपेक्षा कमी कुरकुर करीत स्वीकारली. योगायोगाने त्याच वर्षी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वारंवार घेणाऱ्या मातांची मुले जन्मतः अधिक वजनाची होती. बाळंतिणीस महिनोन्‌महिने भाज्या वर्ज्य करण्याच्या चालीचा पुनर्विचार या दोन्ही अंगांनी करावा लागतो. तिच्या ताटातून भाजी वगळली की मुलाची त्या चवीशी होणारी पहिली ओळखही चुकते.

पहिल्या भाज्या म्हणून तांबडा भोपळा, गाजर, रताळे व बटाटा सोयीच्या आहेत. त्या वाफवून सहज कुस्करतात व गोडसर असल्याने मूल त्या लवकर स्वीकारते. मात्र केवळ गोड भाज्यांवर थांबल्यास कडवट, तुरट चवींची सवय लागत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांतच तांदुळजा, माठ, चाकवत, पालक, शेवग्याचा कोवळा पाला यांपैकी एखादी भाजी देठ काढून, शिजवून, वाटून खिमटात मिसळावी व अधूनमधून वेगळीही चाखवावी. पालेभाज्यांतील कॅरोटीनापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते, परंतु त्याच्या शोषणास स्निग्ध पदार्थ लागतो. तेलाची वा तुपाची धार ही येथे चैन नाही. वनस्पतिज लोह अल्प प्रमाणात शोषले जाते. टोमॅटोचा गर किंवा लिंबाचे चार थेंब यांतील क जीवनसत्त्वाने ते प्रमाण वाढते. चहात भिजविलेले बिस्किट हा दोन्ही तालुक्यांच्या बाजारगावांत व आता वाड्यावस्त्यांवरही रूढ झालेला शिशुआहार नेमके याच्या उलट काम करतो, कारण चहातील टॅनिने लोह बांधून ठेवतात. पाच रुपयांच्या पुड्याची सोय मान्य केली, तरी प्रस्तुत लेखकाच्या मते या भागातील अर्भकांच्या आहारात गेल्या काही दशकांत झालेला हा सर्वांत अनिष्ट बदल आहे.

मुलाने नवी भाजी तोंडाबाहेर काढली, तोंड वाकडे केले, अंग शहारले, म्हणजे ती त्याला आवडत नाही असा अर्थ घेतला जातो व दोन-तीन प्रयत्नांनंतर ती भाजी कायमची बंद होते. वस्तुतः अपरिचित चवीला दिलेली ती स्वाभाविक प्रतिक्रिया असते. आठ-दहा वेळा, काही मुलांत त्याहूनही अधिक वेळा, तीच भाजी निरनिराळ्या दिवशी अगदी थोडी देत गेल्यास बहुतेक मुले ती स्वीकारतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. मात्र नाक दाबून, हात धरून किंवा दटावून भरविलेल्या घासाने उलटा परिणाम होतो. मूल तोंड फिरवू लागले की थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावे. घरातील मोठी माणसे तीच भाजी मुलासमोर खात असतील, तर हे काम पुष्कळ सोपे होते.

पावसाळ्यात पश्चिमेकडील डोंगरांत कुरडू, भारंगी, चाई, तेरे, रुखाळू, करटोली इ. रानभाज्या विपुल मिळतात व त्या पारखण्याचे ज्ञान तेथील स्त्रियांकडे आहे. प्रौढांसाठी हे उत्तम अन्न आहे. परंतु सर्वच रानभाज्या अर्भकांस योग्य नव्हेत. तेरे व त्याच्या जातीच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक असून ते घशास खाजवतात. काही रानकंद तर पुनःपुन्हा उकळून व धुऊनच खाण्याजोगे होतात. अशा भाज्या दुसऱ्या वर्षानंतर घरच्या ताटातूनच सुरू कराव्यात. कोवळ्या करटोल्याचा बिया काढलेला गर त्यामानाने निर्धोक असतो. पूर्वेकडे अडचण वेगळी आहे. तेथील टोमॅटो व द्राक्षे यांवर औषधफवारणी होते, म्हणून फळ-भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी व शक्य तेथे साल काढावी. अख्खे द्राक्ष आणि अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या श्वासमार्गात अडकून प्राणघातक ठरू शकतो. द्राक्ष उभे चिरून व दाणे बारीक कूट करूनच द्यावेत. भुईमुगाचे कूट लवकर सुरू करण्यास भिण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडन येथील प्रयोगात अधिहर्षतेचा (ॲलर्जीचा) धोका असलेल्या मुलांस पहिल्या वर्षातच भुईमूग दिल्याने त्याची अधिहर्षता टळण्याचे प्रमाण पुष्कळ वाढले.

प्राणिज अन्न : लोह, जस्त व ब-१२ जीवनसत्त्व सहज शोषले जाईल अशा रूपात प्राणिज अन्नातूनच मिळते. येथील बहुसंख्य घरांत मांसाहार निषिद्ध नाही. तरीही दात आल्याशिवाय अंडे अथवा मासा देऊ नये, अशी समजूत आढळते. पूर्ण शिजविलेले, कुस्करलेले अंडे सातव्या महिन्यापासून देता येते. एक्वादोर येथे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज एक अंडे दिलेल्या मुलांची वाढ लक्षणीय रीत्या सुधारली. मलावीतील नंतरच्या प्रयोगात तसा परिणाम दिसला नाही. तेथील मुलांच्या आहारात मासे आधीपासूनच होते, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. डिंभे जलाशयात विस्थापित आदिवासींनी सहकारी तत्त्वावर मासेमारी उभी केली आहे. तेथील मासा काटे नीट काढून भातात कुस्करून देण्यास हरकत नाही. खारविलेली सुकी मासळी मात्र मिठामुळे अर्भकास वर्ज्य समजावी. पूर्ण शाकाहारी घरांत दूध, दही व डाळी यांवर भिस्त ठेवावी लागते व लोहाचे थेंब वैद्यकीय सल्ल्याने द्यावे लागतात.

गुटी व इतर वर्ज्य गोष्टी : या दोन तालुक्यांच्या पश्चिम भागात हिरड्याची झाडे विपुल असून उन्हाळ्यात गोळा केला जाणारा कोवळा ‘बाळहिरडा’ हे आदिवासी कुटुंबांचे रोख उत्पन्नाचे एक प्रमुख साधन आहे. हाच हिरडा वेखंड, मुरुडशेंग, जायफळ इत्यादींबरोबर सहाणेवर उगाळून बाळगुटीत देतात. पहिल्या सहा महिन्यांत गुटी देऊ नये. औषधींच्या गुणदोषांपेक्षाही सहाण, पाणी व बोट यांतून होणारा जंतुसंसर्ग हे त्याचे कारण आहे. गुटी चाटविण्यासाठी वापरला जाणारा मध एक वर्षाच्या आत पूर्ण टाळावा. त्यातील क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू अर्भकाच्या आतड्यात वाढून पक्षाघात घडवू शकतात. पहिल्या वर्षी अन्नात वरून मीठ व साखर घालण्याची गरज नसते. मुलाचे अन्न आपल्या जिभेला अळणी लागले, तरी ते मुलास अळणी वाटत नाही.

आवणीचा काळ व स्थलांतर : भाताची आवणी आषाढ-श्रावणात येते. त्या वेळी आई दिवसभर चिखलात उभी असते, मूल आजीपाशी किंवा मोठ्या बहिणीपाशी राहते. सकाळी शिजविलेली पेज दुपारपर्यंत पुरविली जाते, पाणी गढूळ असते आणि हगवणीचा जोर याच दिवसांत असतो. अन्न सुरू होण्याचा महिना व हा हंगाम एकत्र आले की मुलाचे वजन घटते. हगवणीत अन्न बंद करण्याची रीत त्यात भर घालते. वास्तविक जलसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या यांबरोबर दूध व मऊ अन्न चालूच ठेवावयाचे असते व बरे झाल्यावर दोन आठवडे दिवसातून एक जेवण अधिक द्यावयाचे असते. दिवाळीनंतर पश्चिमेकडील अनेक कुटुंबे नारायणगाव, मंचर या बाजूस टोमॅटो, द्राक्षे व कांद्याच्या मजुरीस उतरतात. ज्या हातांनी भाजीच्या पाट्या भरल्या जातात, त्यांच्याच मुलांची नावे त्या काळात गावच्या अंगणवाडीच्या पटावर राहतात व मुले मळ्याच्या बांधावर असतात.

एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये देशात सुरू झाली. तिच्याखालील अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी घरपोच शिधा मिळतो. शिवनेरीवर ज्यांच्या पोटी शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्या जिजाबाईंचे नाव धारण करणारे राज्याचे माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये स्थापन झाले. आदिवासी क्षेत्रातील अमृत आहार योजनेत २०१६ पासून सात महिन्यांवरील बालकांस अंडे किंवा केळी देण्याची तरतूद झाली. दोन्ही तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांसाठीचे प्रकल्प कार्यालय घोडेगाव येथे आहे. घरपोच शिधा हा एका मुलाचा असला, तरी घरी तो सर्व भावंडांत वाटला जातो, ही अडचण कोणत्याही परिपत्रकाने सुटलेली नाही. आशा कार्यकर्तीने तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी घरी भेट द्यावी, अशी योजना २०१८ मध्ये आखली गेली. त्यांपैकी सहाव्या व नवव्या महिन्यांच्या भेटी या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या आहेत. त्या वेळी अन्नाची यादी वाचून दाखविण्यापेक्षा त्या घरच्या चुलीवर, त्या घरच्या नाचणीचे किंवा डाळ-तांदळाचे खिमट एकदा आजीच्या हातून करवून घेणे अधिक उपयोगी पडते, कारण आई शेतावर असताना वाटी आजीच्याच हातात असते. खिमटाचे वा मोडाच्या नाचणीचे पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे टिकते. मजुरीस जाणाऱ्या कुटुंबास ते बरोबर नेता येते आणि बांधावरच्या तीन दगडांच्या चुलीवर दहा मिनिटांत शिजविता येते.